पॉपरवर मासा येतो, पाणी फोडतो, पण लागत नाही : माझा अनुभव

फ्लाय रॉडवर पॉपर, म्हणजे पाण्यावर तरंगत फटफट आवाज करणारं खोटं आमिष, लावून जायंट ट्रेव्हली हा ताकदवान समुद्री मासा पकडायचा, हे दोन वर्षं डोक्यात होतं आणि शेवटी जमलं. पण त्याच्या आधी ओळीने अकरा मासे माझ्या डोळ्यांदेखत पॉपरवर आले, पाणी फोडलं आणि निघून गेले. अकरा. मोजलेत मी, कारण दरवेळी बोटीवरचं कोणीतरी हेच सांगत होतं की तुझा हात चुकतोय, आणि त्यातलं निम्मंच खरं होतं. उरलेलं निम्मं मला कोणी सांगितलं नाही, त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहायला बसलोय.

सामानाचं पटकन सांगतो. ९ फुटी १२ वेटचा रॉड (वेट म्हणजे रॉड किती जड लाईन पेलतो त्याचा आकडा), दमदार ड्रॅगचं, म्हणजे ब्रेकचं, रील, तरंगणारी लाईन आणि पुढे लीडर म्हणून १३० पौंडी जाड मोनोचा, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याचा, एकच तुकडा, सरळ. पॉपरला फ्लुरोकार्बनचा दोरा लावू नका, ते नायलॉनपेक्षा जड, पाण्यात बुडतं आणि पॉपरचं तोंड खाली ओढतं. लाईन उष्ण पाण्यासाठी बनवलेलीच घ्या, थंड पाण्याची लाईन उन्हात लिबलिबीत होते आणि रॉडच्या रिंगांत चिकटते. बॅकिंग (लाईनच्या मागचा राखीव दोरा), गाठी, रील भरणं यात मला काही अडलं नाही. हां, पॉपर बांधताना घट्ट गाठ न मारता लूपची गाठ मारा, जाड मोनोवर घट्ट गाठ मारली की पॉपर काठीसारखा ताठ राहतो, डोलत नाही.

कास्टिंगला, म्हणजे लाईन फेकायला शिकायला, मात्र महिना गेला. साध्या ल्यूरला (जड खोट्या आमिषाला) वजन ल्यूरचं असतं, तो उडतो आणि लाईन त्याच्या मागून जाते. फ्लायमध्ये सगळं उलटं, वजन लाईनचं आणि पॉपर तिच्या मागून फरफटत जाणार, त्यात त्याचं पुढचं तोंड चपटं नाहीतर खोलगट, म्हणजे हवेत नुसता ब्रेक लावल्यासारखं. जितका जोर लावाल तितका तो कोसळतो. हवेत लाईनचा जो वळसा पडतो ती लूप जरा मोठी ठेवायची, मागे लाईन पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं, आणि डाव्या हाताने लाईन पुढेमागे दोन्ही वेळेला खेचायची, तो डबल हॉल. पाण्यातून उचलतानाही एकदम झटका मारायचा नाही, पॉपर तोंड खुपसून पाण्यात अडतो आणि सगळी ताकद तिथेच संपते, आधी हळू सरकवत जवळ आणायचा, पृष्ठभागावरून सुटला की मग मागे न्यायचा. डोळ्यावर चष्मा आणि डोक्यावर टोपी हवीच, ६/० मापाचा भला मोठा हुक कानाजवळून जातो तेव्हा त्याचा आवाज ऐकू येतो.

आता ते अकरा मासे.

पहिल्या दिवशी तीन. पहिला मला आयुष्यभर आठवेल. रीफ (पाण्याखालचा प्रवाळाचा खडक) जिथे संपते आणि पाणी एकदम गडद निळं होतं त्या कडेवर पॉपर पडला, दोनदा खेचला, तिसऱ्या खेचीला त्याच्या मागे पाणी फुगलं, म्हणजे लाट नाही, सपाट पाण्याखालून कोणीतरी उशी वर ढकलावी तसा फुगवटा, आणि तो पॉपरपेक्षा वेगाने येत होता. मग काळं डोकं, उघडं तोंड, बादली आपटल्यासारखा आवाज. मी रॉड वर उचलला. पॉपर हवेत, मासा गायब.

ही चूक माझीच, कबूल. नदीतला ट्राउट मासा पकडणाऱ्याची सवय. रॉड वर घेतला की रॉडच वाकतो आणि सगळा झटका तो खाऊन टाकतो, एवढ्या जाड हुकाला टणक जबड्यात घुसायला ताकद पोचतच नाही, शिवाय पॉपर माशाच्या समोरून उडून जातो. रॉडचं टोक पाण्याला टेकलेलं हवं, माशाकडे सरळ, आणि मासा आला की फक्त लाईनचा हात मागे खेचायचा, त्याला स्ट्रिप स्ट्राइक म्हणतात. नुसता चुकला असेल तर पॉपर तिथेच पाण्यात राहतो आणि तो परत फिरून येतो. बरेचदा येतोच.

दुसऱ्या दिवशी मी रॉड सरळ काखेत धरला आणि दोन्ही हातांनी लाईन ओढायला लागलो. काखेत रॉड असला की वर उचलताच येत नाही, ज्याला सवय मोडायची आहे त्याने हेच करावं. वेगही जास्त मिळतो, पॉपर थांबत नाही. आणि तरीही त्या दिवशी पाच गेले. पाचही वेळा मला लाईनवर धप्पकन वजन जाणवलं, मी खेचलं, वजन एक क्षण राहिलं आणि साबण निसटावा तसा पॉपर बाहेर आला.

मग सल्ले सुरू झाले. माझा मित्र म्हणतोय, "अरे तू लवकर मारतोयस, जरा थांब की." बोटवाले काका म्हणतायत, "उशीर होतोय तुम्हाला, लगेच खेचा." एकाच माशाबद्दल, एकाच वेळी! मी दोघांचंही ऐकलं. एक मुद्दा खरंच कामाचा निघाला तो असा, की ट्रेव्हली पॉपर मागून गिळते आणि त्याच वेगात पुढे, म्हणजे तुमच्याच दिशेने येत राहते, त्यामुळे लाईन ढिली पडते आणि तुम्हाला वाटतं सुटली. सुटलेली नसते. एका खेचीवर थांबायचं नाही, लाईन दगडासारखी ताठ होईपर्यंत दोन, तीन, चार वेळा खेचत राहायचं. तिसऱ्या दिवशी हे सगळं केलं. रात्री बसून सगळ्या हुकांना कानस मारली होती, टोक अंगठ्याच्या नखावर ठेवलं तर घसरता कामा नये, रुतलं पाहिजे, तेवढी धार आणली. हुकाच्या टोकामागचे उलटे काटे पक्कडीने दाबून टाकले, कारण काटा दाबलेला हुक कमी ताकदीत आत जातो. तरी तीन गेले. तिसरा गेला तेव्हा काका काही बोललेच नाहीत, समोर बघत बसले, आणि ते जास्त लागलं मला.

मग दोन दिवस वारा, बोट निघालीच नाही. त्या कडेवर मासे येतात ते भरतीचं पाणी रीफवर चढताना, म्हणजे चांगल्या दिवसातही हातात दोनतीन तासच, आणि ते पण मी खोलीत बसून घालवत होतो. माणूस आधीच चिडलेला, बाहेर वारा घोंघावतोय, समोर टेबलवर पॉपरचा डबा. मी एक पॉपर उचलला, लीडरचा तुकडा बांधला आणि पायातल्या रबरी चपलेचा जाड पट्टा पकडून त्याच्यावरून ओढला. मासा जबडा मिटतो तसं दुसऱ्या हाताने वरून दाबून धरलं होतं.

घसरला. पट्ट्यावर एक ओरखडा नाही. परत ओढला. घसरला. दहा वेळा केलं, आठ वेळा हुक लागलाच नाही.

तेव्हा नीट बघितलं. तयार घेतलेले पॉपर होते, दिसायला सुंदर, चमकदार डोळे, पिसांची शेपूट. पण हुकाची दांडी आखूड आणि फोमचं डोकं जाडजूड, आणि दांडी डोक्याच्या बरोबर मध्यातून गेलेली. म्हणजे डोक्याचा अर्धा भाग दांडीच्या खाली लोंबतोय आणि हुकाच्या टोकाच्या जवळजवळ समोर येतोय. फूटपट्टी लावली. दांडीपासून हुकाच्या टोकापर्यंत अंतर साधारण १८ मिलिमीटर आणि त्यातले १० डोक्यानेच खाल्लेले. उरले आठ. एवढ्याशा फटीत ट्रेव्हलीचा ओठ कसा जाणार? मासा पॉपर तोंडात घेत होता, जबडा फोमवर मिटत होता, मी खेचलं की फोम गोळीसारखा सरकून बाहेर. तीन दिवस मी स्वतःचे हात, माझं टायमिंग, माझं सगळं आयुष्य दोषी धरत होतो, आणि दोष आठ मिलिमीटरचा होता. ज्याने हे पॉपर बनवले त्याने ते एकदा तरी कशावर ओढून बघायला हवे होते, मला अजूनही हेच वाटतं.

ब्लेड घेतलं आणि डोक्याची खालची बाजू तिरकी कापून काढली, जवळजवळ दांडीपर्यंत. चपलेवर परत ओढला. पहिल्याच वेळी टोक रबरात रुतलं, काढायला पक्कड लागली.

स्वतः बनवत असाल तर दांडी लांब घ्या, डोकं अगदी पुढे बसवा आणि दांडी डोक्याच्या मधून नाही, खालच्या कडेजवळून न्या, फोमला खालून चीर देऊन त्यात बसवली की झालं. हुकाच्या दांडीला मध्ये कुबड असलेले पॉपर हुक मिळतात, ते डोकं गरगर फिरू नये म्हणून. डोकं फिरलं तर चिकटवलेलं सगळं वाया. कॉर्कच्या पॉपरची सुरुवात केल्याचं श्रेय ज्यांना देतात ते टेनेसीतल्या चॅटनूगाचे अर्नेस्ट पेकिनपॉ, ही २० व्या शतकाच्या सुरुवातीची गोष्ट, म्हणजे हुकावर डोकं कसं बसवायचं हे माणसं शंभर वर्षं सोडवतायत. बॉब पोपोव्हिक्स यांच्या बँगर पॉपरची कल्पना तर मला फारच आवडते, फोमचं डोकं चिकटवायचंच नाही, नुसतं सरकवून बसवायचं, दातांनी फाटलं की दुसरं घालायचं. हवा कापत जाणारा हलका प्रकार हवा असेल तर टोकदार डोक्याचा स्लायडर बघा, आवाज कमी करतो पण कास्ट खूप सोपा, नवशिक्यांनी खरं तर तिथूनच सुरू करावं, हे मी आधी सांगायला हवं होतं.

सहाव्या दिवशी वारा पडला. कापलेला, एका बाजूने कुरूप दिसणारा पॉपर लावला. चौथा की पाचवा कास्ट. तोच फुगवटा, तोच आवाज. खेचलं, ढिलं. खेचलं, ढिलं. तिसऱ्या खेचीला लाईन थांबली, म्हणजे कुठे तरी खिळा ठोकल्यासारखी थांबली, आणि काका ओरडले, "लागला!"

इथून पुढे विचार करायला वेळ नसतो. डेकवर पडलेली ढिली लाईन एका झपाट्यात वर उडते, तेव्हा डोळे माशाकडे नाही, लाईनकडे ठेवा. पाय अनवाणी, लाईनवर उभं राहायचं नाही, आणि बोटीवर बटण, खुंटी, पाण्याची बाटली काही काही ठेवू नका जिच्यात वेढा अडकेल. बोटांना पट्टी बांधलेली हवी, लाईन कापते. ड्रॅग आधीच घट्ट करून ठेवायचं, कारण माशाने प्रवाळाची कड गाठली की १३० पौंडी मोनोसुद्धा सुतासारखी तुटते. आणि रॉड उभा करायचा नाही, टोकाशी वाकवला की १२ वेटचा रॉडसुद्धा मोडतो, खालच्या जाड भागाने, मुठीच्या वरच्या भागाने दम द्यायचा. कास्ट करताना जड पॉपर कधी रॉडवर आपटला असेल तर तो रॉड नीट तपासा, बारीक चीर पडते आणि ती नेमकी मासा लागल्यावर तुटते.

वीस मिनिटं तरी गेली असतील, मला कळलं नाही. बोटीशेजारी आला तेव्हा चांदीसारखा, पाठ काळपट, आणि हुक जबड्याच्या कोपऱ्यात, अगदी जिथे हवा तिथे. काटा दाबलेला होता म्हणून पक्कडीने एका फिरकीत निघाला. पाण्यातच शेपटीजवळ धरून ठेवला, तोंड प्रवाहाकडे, कल्ले नीट चालायला लागले आणि त्याने स्वतःच हात झटकला. माझे हात थरथरत होते. काकांनी पाठीवर थाप मारली आणि पॉपर मागून घेतला, त्याची कापलेली बाजू अंगठ्याने चाचपून बघितली, आणि मग स्वतःच्या डब्यातले चार पॉपर काढून माझ्यासमोर ठेवले, ब्लेड कुठाय म्हणाले.