दुसरी खोली नसलेले घर

इंदूर, सोमवार, १५ डिसेंबर

लग्नाला तीस वर्षे झाली म्हणून लेकीने आम्हा दोघांसाठी महूच्या पुढे, घाटाच्या काठावरील एका शेतात दोन रात्रींचा मुक्काम ठरवून दिला होता. काल संध्याकाळी परतलो. जागा ‘खास जोडप्यांसाठी’ असल्यामुळे ह्यांना निघेपर्यंत संकोच वाटत होता. पलंगावर गुलाबाच्या पाकळ्यांचा बदाम काढलेला पाहिल्यावर तर त्यांनी, पिशवी ठेवायला जागा हवी असे म्हणत, त्या गोळा करून खिडकीबाहेर टाकल्या.

ते खोपटे विलायती मेंढपाळाच्या चाकांवरील खोपट्याची नक्कल होते. लांबी जेमतेम बारा फूट, रुंदी सात, वर पन्हळी पत्र्याचे कमानदार छप्पर, खाली ओतीव लोखंडाची चार चाके, कोपऱ्यात लाकडाची लहानशी शेगडी, आणि दार मधोमध आडवे कापलेले, म्हणजे खालचा भाग लावून वरचा उघडा ठेवता येईल असे. इंग्लंडमध्ये मेंढ्या विण्याच्या दिवसांत मेंढपाळ अशा खोपट्यात कित्येक आठवडे मुक्काम करीत असे. कळप दिसावा म्हणून बाजूंना खिडक्या, आणि पोरक्या किंवा अशक्त कोकरांना ऊब मिळावी म्हणून पलंगाखालीच त्यांचा पिंजरा. खतासाठी मेंढ्या आज या शेतात, उद्या त्या शेतात बसवीत, म्हणून चाके. एका माणसाने जागरणे काढण्यासाठी केलेली ही सोय आता दोघांच्या सहवासासाठी भाड्याने मिळते, याचे मला पहिल्या रात्री फार हसू आले. ब्रिटनचे माजी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी २०१७ मध्ये असेच खोपटे आपल्या आठवणी लिहिण्यासाठी विकत घेतले होते. म्हणजे त्यांनाही तेथे एकांतच हवा होता.

दुसऱ्या संध्याकाळी आमचे वाजले. कारण क्षुल्लक होते: रक्तदाबाच्या गोळ्या घरी राहिल्या होत्या आणि त्या कोणी घ्यायच्या होत्या यावर एकमत होईना. लोकमान्य नगरातल्या घरी असे झाले की हे बैठकीत जाऊन टीव्हीचा आवाज वाढवतात, मी स्वयंपाकघरात भांडी वाजवते, आणि दोन दिवस निरोपांची ने-आण फोनवरून लेकीमार्फत होते. येथे रुसून जायचे कुठे? शेवटी हे शाल घेऊन बाहेर पायरीवर बसले आणि जाताना दाराचा खालचा भाग लावून घेतला; वरचा उघडाच राहिला. बराच वेळ मला केवळ त्यांची माकडटोपी दिसत होती.

मग पाठमोऱ्यानेच ते बोलू लागले. मार्चमध्ये निवृत्त झाल्यापासून साडेनऊ वाजले की अजूनही हात इस्त्रीच्या शर्टाकडे जातो, आणि शर्ट घालून झाल्यावर घरात बसायचे कुठे हे कळत नाही, कारण त्या वेळी सगळे घर तुझे असते, असे ते म्हणाले. चार खोल्यांच्या घरात नऊ महिने मला हे ऐकू आले नव्हते. मी काही उत्तर दिले नाही. दारावरून चहाचा पेला तेवढा पुढे केला.

काल सकाळी निघताना रस्त्यावर मारवाडातून आलेल्या रेबाऱ्यांचा तांडा लागला. उंटांच्या पाठीवर उलट्या घातलेल्या खाटा, त्या खाटांत कोकरे, आणि एका खाटेत कोकरांच्याच बरोबरीने झोपलेले एक मूल. सुगी संपलेल्या शेतांत मेंढ्या बसवीत ही मंडळी माळव्यात हिंडतात, पण विलायती मेंढपाळासारखी एकटी नाही. बायको, म्हातारी, हंडे, सारा संसार बरोबर असतो. आपले मल्हारराव होळकरही लहानपणी खानदेशात मामाच्या मेंढ्या राखत होते, याची आठवण ह्यांनी काढली आणि महू येईपर्यंत होळकरांचा इतिहास सांगितला. तो मला पाठ आहे, तरी ऐकला.

आज साडेनऊला ह्यांनी शर्ट घातला. मी मटार सोलायला घेतले होते. परात उचलून बैठकीत नेली आणि दोघांच्या मध्ये ठेवली. निम्मे दाणे ह्यांनी खाऊनच टाकले, त्यामुळे संध्याकाळच्या उसळीत बटाटा घालावा लागला.