पोरीकडनं बी पैसे घेतासा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. होय, घरखर्चाला घेते. पोराकडून घेते आणि पोरीकडूनही घेते, दर महिन्याला, पगार झाला की.

हे मला गिरणीत दळणाच्या रांगेत विचारलं जातं, बारशाला विचारलं जातं, आणि खाणावळीतले मेंबर तर ताटावर बसल्या बसल्या विचारतात. पोराचं कुणालाच काही वाटत नाही. कमावता पोरगा घरात पैसे देणारच, त्यात काय. पण पोरीचं नाव निघालं की समोरच्याचा चेहरा बदलतो. "काय सांगतासा वहिनी! पोरीकडनं?"

माझी कोल्हापुरात राजारामपुरीत छोटी खाणावळ आहे. विद्यापीठातली, क्लासची पोरं, दोनतीन बँकेतले लोक. महिन्याचे पैसे आगाऊ. आमच्या ह्यांनी साखर कारखान्यात आयुष्य काढलं आणि आता ईपीएस-९५ ची, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडवाल्यांची पेन्शन येते. ज्यांच्या घरात ती येते त्यांना मी काय सांगू! २०१४ साली सरकारनं तिची किमान रक्कम हजार रुपये केली. ह्यांना हजाराच्या थोडं वर मिळतं, म्हणजे बीपीच्या गोळ्या आणि वर्तमानपत्र भागतं. पोरगा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत सीएनसी मशीनवर आहे. पोरगी एका ऑफिसात अकाउंट्स बघते. दोघंही घरीच राहतात, दोघांचीही लग्नं व्हायचीत.

लोकांचा समज असा की मी पोटच्या पोरांना मेंबर करून टाकलंय. तसं असतं तर हिशेब सोपा होता. माणशी दोन वेळचं ताट किती रुपयांना पडतं, हे मला झोपेतून उठवून विचारा. पण घरातला हिशेब ताटावर होतच नाही. पोरगा एका बैठकीला पाच भाकऱ्या उडवतो, पोरगी दीड चपातीवर उठते. मग काय पोराला तिप्पट लावू? आणि पोरीच्या खोलीतला एसी कुणाच्या नावावर टाकू? म्हणून पहिल्यापासून एकच ठरलंय : हातात येणाऱ्या पगाराचा पाव हिस्सा. ज्याचा पगार मोठा त्याचा पाव मोठा. सध्या पोरीचा मोठा आहे, हे पोराला जरा झोंबतं, पण ते असू दे.

पोरगी गेल्या पावसाळ्यात मैत्रिणींबरोबर कोकणात गेली होती. परत आली ती बॅग खाली ठेवायच्या आत म्हणाली, "आई, माझे चार दिवसांचे खाडे धर हं." खाणावळीत खाडे कापायचा नियम आहे, आदल्या रात्रीपर्यंत सांगितलं तर. मी म्हटलं, "खाडे मेंबरांना. तुझ्या खोलीचं छप्पर त्या चार दिवसांत काढून ठेवलं नव्हतं." ती हसली, पण पुढच्या महिन्यात वीज बिल स्वतः हातात घेऊन बसली. खाणावळीचं मीटर वेगळं आणि घराचं वेगळं, गॅसही तसाच. तिकडे १९ किलोचा, घरात १४.२ चा, आणि घरचा सिलिंडर धंद्यावर लावायचा नाही. त्यामुळे घरात खरोखर किती लागतं ते आमच्याकडे स्वच्छ दिसतं. महावितरणच्या बिलाची मागची बाजू सहसा कुणी वाचत नाही, हिनं वाचली. पहिल्या शंभर युनिटांचा दर कमी, शंभराच्या पुढे तीनशेपर्यंत एकदम चढा, त्याच्या पुढे आणखी चढा. आम्ही दोघंच असतो तर शंभराच्या आसपास राहिलो असतो. हिच्या एसीनं आणि पोराच्या रोज रात्रीच्या गरम पाण्याच्या अंघोळीनं जी युनिटं वाढतात ती सगळी वरच्या दरानं वाढतात. बिल घडी घालून ठेवताना ती एवढंच म्हणाली, "पाव हिस्सा ठीक आहे."

दुसरा सल्ला मला फार मिळतो, विशेषतः शिकलेल्या बायकांकडून. पैसे घ्या, पण खर्चू नका. गुपचूप त्यांच्या नावानं आरडी काढा, लग्नात हातावर ठेवा, कसं डोळ्यांत पाणी येतं बघा. मी नाही तसं करत. ज्यांना घरखर्चाला पैसे लागतच नाहीत त्यांनी खुशाल करावं. पण मग तो पोरांच्या पैशांचा गल्ला झाला, घरातला वाटा नव्हे. मी ते पैसे खर्च करते. गोकुळचं दूध, वीज, गॅस, वाणसामान, आणि उन्हाळ्यात वर्षाची चटणी कुटायला मिरची घेतो त्यात. त्यांना माहीत असतं कुठे गेले; वही फडताळावर असते, कुणीही उघडावी. त्यांची स्वतःची बचत त्यांनी करावी, उरलेला पाऊण पगार त्यांच्याकडेच असतो की.

पोराच्या कंपनीतल्या कुणीतरी त्याला शिकवलं होतं, आईबापाला भाडं देतो असं दाखव, टॅक्स वाचतो. घर ह्यांच्या नावावर आहे, त्यामुळे तसं करता येतं हे खरं. पण दाखवून चालत नाही, भाडं खरोखर द्यावं लागतं आणि ते बँकेतून गेलेलं बरं. वर्षाला लाखाच्या वर गेलं तर घरमालक म्हणून बापाचा पॅन द्यावा लागतो. बापानं ते आपलं उत्पन्न म्हणून दाखवायचं, त्यातले तीस टक्के सरकार सोडतं. आणि एवढं सगळं जुन्या पद्धतीच्या करात. नव्या पद्धतीत घरभाड्याची सूटच नाही. शिवाय आमच्या चिरंजीवांच्या पगाराची आणि इन्कम टॅक्सची अजून गाठच पडलेली नाही. नुसते घरखर्चाला पैसे देत असाल तर काही भानगड नाही, मुलांनी आईबापांना दिलेल्या पैशांवर आईबापांना कर लागत नाही.

आता पोरीचं. "मुलीचं खाऊ नये" हे मीही ऐकत मोठी झाले. माझी आजी लेकीच्या गावी गेली तर पाणी पिऊन परत यायची, जेवायची नाही. पण त्या काळी लेकीला देत तरी काय होते? साडीचोळी आणि दिवाळीला माहेरपण. पुढे कायदा बदलला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा मुलाएवढा वाटा महाराष्ट्रानं १९९४ सालीच केला, देशानं २००५ साली. घराच्या भिंतीत तिचा वाटा धरायचा आणि घराच्या खर्चात मात्र तिला पाहुणी समजायचं, हे मला पटत नाही. पोटगीचा १९५६ चा कायदा बघितला तरी तेच. आईबापांनी पोसायचं ते अल्पवयीन मुलांना, आणि जिला स्वतःचं भागवता येत नाही त्या लग्न न झालेल्या मुलीला. माझ्या पोरीला भागवता येतं, चांगलं भागवता येतं.

मागे एक स्थळ आलं होतं. पोहे झाले, चहा झाला, मुलाच्या आत्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "पगार घरी देतीस काय गं?" पोरगी म्हणाली, "पाव हिस्सा देते. लग्न झाल्यावर किती द्यायचा ते मग बघीन." आत्याबाईंनी कप खाली ठेवला. त्यांचा फोन काही आला नाही. आमचे हे आठवडाभर माझ्यावर धुसफुसत होते, की तुझ्या या वहीमुळं झालं. मी म्हटलं, झालं ते बरं झालं, दोन वर्षांनी कळण्यापेक्षा आत्ताच कळलं.

पैसे द्यायला लागल्यापासून तिचा घरात आवाज वाढलाय, हे मान्य. मला पुढच्या खोलीला रंग द्यायचा होता. तिनं आणि पोरानं मिळून तो नामंजूर केला आणि वॉशिंग मशीन आणलं. पूर्वी हे माझ्या आणि ह्यांच्यातच ठरायचं. रंगाचं मला अजून वाईट वाटतं.

सगळ्यांनी असंच करावं असं मी म्हणत नाही. शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता जाणाऱ्या पोराकडून मागू नये. पोराच्या कंपनीला ऑर्डर नव्हत्या आणि हातात निम्माच पगार पडत होता, तेव्हा मी त्याच्याकडून काही घेतलं नाही, आणि नंतर वसूलही केलं नाही. मेंबरचं तसं नसतं, थकबाकी झाली की ताट बंद. आणि ह्याच्या उलट जे करतात तेही मला आवडत नाही. आमच्या गल्लीत एक पोरगा आहे, तिशी ओलांडलेला. अख्खा पगार वडिलांच्या हातात देतो आणि पेट्रोलला पैसे मागतो. त्याचं सगळे कौतुक करतात, श्रावणबाळ म्हणतात. मला त्याची दया येते. त्याच्या बायकोची जास्त.

माझे सासरे खेड्यातून शिकायला आले ते दसरा चौकातल्या एका बोर्डिंगात राहिले. शाहू महाराजांनी १९०१ पासून जातीजातीच्या पोरांसाठी ही वसतिगृहं उभी केली, त्यामुळं आमच्या गावात कित्येक घरांचा पहिला शिकलेला माणूस असाच दुसऱ्याच्या पंगतीत जेवून मोठा झालाय. सासरे सांगायचे, तिथं झाडायची पाळी असायची आणि ती कुणाला चुकायची नाही. मी पैसे घेते म्हटल्यावर आमच्या नात्यात पहिले "घे" म्हणाले ते तेच.

सध्या आमच्याकडे वेगळाच वाद चाललाय. पोरीला पुण्याला बदली मिळतेय. ती म्हणते, तिथं खोलीचं भाडं आणि खाणावळ दोन्ही द्यावं लागणार, त्यामुळं इथला पाव हिस्सा बंद. पोरगा म्हणतो, तिची खोली मला दिली तर माझा पाव तेवढाच राहील, नाहीतर कमी करा. हे म्हणतात, पोरगी परगावी राहणार तर तिच्याकडून एक रुपया घ्यायचा नाही. मी म्हणतेय, घरात खोली ठेवायची असेल तर निम्मा तरी दे. अजून काही ठरलेलं नाही, आणि पुण्यातल्या खाणावळींचे दर ऐकून ती स्वतःच आता जरा नरम पडलीय.