४०७ चा गिअरबॉक्स बसला, पण सेल्फला अर्थ लागेना

मागची नोंद टाकली तेव्हा गिअरबॉक्स पोत्यावर होता आणि गाडी लाकडी ओंडक्यांवर. आता गिअरबॉक्स वर चढलाय आणि परवा सेल्फनं (इंजिनाला पहिला फेरा देणारी स्टार्टर मोटर) इंजिन फिरवलं. मधे तीन रविवार गेले. त्यातले दोन मी चुकीच्या टोकाला घालवले, तेही सांगतो.

नव्यांसाठी थोडक्यात. गाडी अण्णांची टाटा ४०७, म्हणजे छोटा ट्रक, १९९४ चं मॉडेल. अंबड तालुक्यातून मोसंबी भरून जालन्याच्या मार्केटला जायची. आता धंदा नाही, हौस आहे. तिसऱ्या गिअरचा सिंक्रो (गिअर न खरडता पडावा म्हणून असलेली कडी) गेलेला, चौथा उतारावर आपोआप सुटायचा. जालन्यात भंगारात दुसऱ्या ४०७ चा गिअरबॉक्स बेल हाउसिंगसकट (त्याला इंजिनाशी जोडणारं घंटेसारखं आवरण) मिळाला, जुना त्याच भंगारवाल्याला वजनावर दिला. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं त्याचाच घोळ आहे.

गिअरबॉक्स खाली होता तोवर फ्लायव्हील, म्हणजे इंजिनामागचं जड चाक, नीट बघून घेतलं. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना कॉम्प्रेशनमुळं दरवेळी साधारण त्याच दोन जागी थांबतं, एकमेकांच्या समोरासमोर. म्हणजे सेल्फची बेंडिक्स (पुढं सरकणारा छोटा दातेरी गिअर) फ्लायव्हीलभोवतीच्या रिंग गिअरच्या त्याच दोन जागचे दात आयुष्यभर ठोकत बसते. माझ्या रिंगचे तिथले दात उंदरानं कुरतडल्यासारखे झाले होते, बाकीचे कोरे करकरीत. नवी रिंग न घेता लेथवाल्याकडं जुनीच गरम करून काढली आणि ९० अंश फिरवून परत बसवली. उलटी करून बसवू नका, कारण दातांची तासलेली बाजू बेंडिक्स आत शिरते त्या बाजूलाच लागते. गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर हे काम उरकून घ्या. नंतर याच्यासाठी कुणी गिअरबॉक्स उतरवत नाही.

आता वायरिंग. गेल्या तीस वर्षांत रस्त्याकडेच्या प्रत्येक इलेक्ट्रिशियननं हाताला लागेल त्या रंगाची वायर जोडलेली. गिअरबॉक्सजवळ तीन तपकिरी वायरी लोंबत होत्या, तिन्हीची टोकं सारखीच काळवंडलेली. एक सेल्फच्या ५० नंबरच्या टर्मिनलची, दोन बॅक गिअरच्या दिव्याच्या स्विचच्या. कुठली कुठं? बॅटरीच्या मायनसला टेस्ट लॅम्पची एक वायर लावली, दुसरीनं एकेक टोक तपासलं. चावी ऑनवर आणताच पेटली ती बॅक लाईटची सप्लाय. चावी स्टार्टला दाबून धरली तेव्हाच पेटली ती ५० ची. कशानंच पेटली नाही ती मागच्या दिव्याकडं जाणारी. तिघींना चिठ्ठ्या बांधल्या. ही अदलाबदल झाली असती तर चावी ऑन करून बॅक गिअर टाकला की सेल्फ फिरला असता आणि गाडी मागच्या भिंतीला भेटायला गेली असती.

सेल्फवर मुख्य टर्मिनल दोनच. ३० म्हणजे बॅटरीच्या प्लसवरून येणारी जाड केबल. ५० म्हणजे चावीवरून सोलेनॉइडला जाणारी बारीक वायर. सोलेनॉइड म्हणजे प्लंजर, आतला दांडा, खेचून मोटरला करंट जोडणारं विजेचं चुंबक. तिसरं जोडण, मायनस म्हणजेच अर्थ (अर्थिंग), दिसत नाही. ते सेल्फच्या अंगातूनच बेल हाउसिंगला जातं. मला हे माहीत होतं. माहीत असून विसरणं ही वेगळी कला आहे.

पहिल्या रविवारी ३० ची केबल नवी केली. जुनी २५ चौरस मिलिमीटरची होती आणि थिंबलच्या (टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या टोपीच्या) आत हिरवी पडलेली. नवी ५० चौरस मिलिमीटरची घेतली. तांब्याच्या २५ च्या केबलचा रोध मीटरला साधारण ०.७ मिलिओहम. सेल्फ ३०० अँपिअर ओढत असेल तर दोन मीटरमध्ये ०.४ व्होल्ट जातात. ५० च्या केबलमध्ये निम्मेच. बारा व्होल्टच्या गाडीत एवढासुद्धा फरक कळतो, विशेषतः डिसेंबरच्या सकाळी. दुकानात याच जाडीची निम्म्या किमतीत केबल दाखवली. ब्लेडनं खरवडली तर आतून चांदीसारखी पांढरी, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. परत दिली. थिंबल हातोडीनं चेपू नका. मोटार रिवाइंडिंगवाल्याकडं हायड्रॉलिक क्रिंपर असतो, चहाच्या पैशात तो दाबून देतो. चेसीवरून केबल जाते तिथं घासू नये म्हणून ठिबकची २० एमएमची लॅटरल नळी उभी चिरून वर चढवली. मोसंबीच्या बागेत तिचे तुकडे पडलेलेच असतात. सायलेन्सरजवळ मात्र ती चालत नाही, वितळते.

त्याच दिवशी सेल्फच्या ५० च्या टर्मिनलला रिले टाकला, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. जुन्या गाड्यांत सोलेनॉइडचा सगळा करंट चावीच्या स्विचमधून जातो, आणि प्लंजर खेचायच्या क्षणी तो ३०-४० अँपिअरपर्यंत सहज जातो. म्हणून स्विच जळतात आणि मग ड्रायव्हर पान्यानं दोन टर्मिनल भिडवून गाडी चालू करायला लागतात. रिलेचं जोडकाम सोपं आहे: चावीची वायर ८६ ला, ८५ चेसीला, बॅटरीवरून फ्यूजमधून रिलेच्या ३० ला, आणि ८७ वरून सोलेनॉइडच्या ५० ला. हॉर्नचा साधा रिले इथं वापरू नये, त्याचे पॉइंट चिकटले तर चावी काढली तरी सेल्फ फिरतच राहतो. मी ७० अँपिअरचा घेतला.

मग चावी मारली. टक. टकटकटकटक. डॅशचा दिवा पिवळा पडला आणि बस्स.

बॅटरी बघितली, १२.६. दुसरी लावली, तेच. दुसरा रविवार सेल्फ खोलण्यात गेला. कार्बन चांगले, आर्मेचर चांगलं, बुश बदललेलंच. खोललाच म्हणून सोलेनॉइडचे आतले तांब्याचे पॉइंट घासले. परत बसवला, चावी धरली, टकटकटक. आणि या वेळी केबिनमध्ये प्लास्टिक जळाल्याचा वास. इंजिन बंद करायची स्टॉप केबल असते ना, तिचं बटण हाताला चटका देत होतं. बोनेट उघडलं तर केबलच्या बाहेरच्या आवरणातून धूर.

घाबरून बॅटरी काढली आणि उस्तादांना फोन लावला. उस्ताद म्हणजे अण्णांच्या वेळचे इलेक्ट्रिशियन, आता दुकान मुलगा बघतो. त्यांच्या डाव्या मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याचा गोल डाग आहे. तरुणपणी स्टीलचा पट्टा ३० च्या टर्मिनलला आणि चेसीला एकदम लागला होता, तेव्हाचा. आमच्याकडं काम शिकणाऱ्या पोराला ते पहिल्यांदा तो डाग दाखवतात, मग पाना देतात. म्हणून मायनस आधी काढायचा आणि शेवटी लावायचा.

ते संध्याकाळी आले. गाडीखाली वाकलेसुद्धा नाहीत.

“स्टॉप केबल तापली म्हणतोस?”

“हो उस्ताद. धूर निघाला.”

“मग बाळा, करंटनं रस्ता शोधला की. तू त्याचा खरा रस्ता कुठं ठेवला?”

मी नवी केबल दाखवायला लागलो. ते म्हणाले, “हा झाला यायचा. जायचा कुठाय? जुन्या बॉक्सावर एक विणलेली पट्टी असते, बॉक्सापासून चेसीला. ती कुठाय?”

ती जुन्या गिअरबॉक्सला बोल्टनं लावलेली होती. चेसीकडचं टोक मीच सोडलं होतं आणि गिअरबॉक्सवरचं तसंच ठेवून ती भंगारवाल्याच्या काट्यावर चढवली होती. किलोच्या भावानं अर्थ विकला.

इथं जरा थांबून सांगायला हवं, कारण या लक्षणानं भलेभले फसतात. बॅटरीचा मायनस चेसीला असतो. इंजिन आणि गिअरबॉक्स मात्र रबरी माउंटिंगवर बसतात आणि रबरातून करंट जात नाही. मागच्या चाकांकडं जाणारा प्रोपेलर शाफ्ट मी अजून जोडला नव्हता, म्हणजे तोही मार्ग बंद. उरलं काय? केबिनमधून इंजिनापर्यंत जाणारी स्टॉप केबल आणि ॲक्सिलरेटरचे सांधे. शंभरभर अँपिअर करंट त्या बारीक लोखंडी तारेतून परत जायला बघत होता. टकटक का, तर चावी दाबली की सोलेनॉइड थोड्या करंटवर प्लंजर खेचतो. आतले पॉइंट मिळाले की मोटर एकदम मोठा करंट मागते. त्या फालतू रस्त्यावर सगळे व्होल्ट खर्ची पडतात, सोलेनॉइडला धरून ठेवायलाही पुरत नाहीत, प्लंजर सुटतो. सुटला की व्होल्ट परत येतात, तो परत खेचतो. बॅटरी उतरलेली असली तरी अशीच टकटक येते, म्हणून सगळे आधी बॅटरी बदलतात. मीही बदलली.

उस्तादांनी मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसवर, लाल पिन सेल्फच्या अंगावर ठेवायला लावली आणि मला चावी क्षणभर मारायला सांगितली. इथं जवळपास शून्य यायला हवं. आकडा ५ आणि ९ च्या मधे नाचत होता. दोन आठवडे मी हाच मीटर फक्त प्लसला लावत होतो.

मग जंपर केबलनं बॅटरीचा मायनस थेट गिअरबॉक्सला धरला. तरी मंद. कारण दुसरा पराक्रम: भंगाराचा बॉक्स छान दिसावा म्हणून मी त्याला करड्या ऑइल पेंटचे दोन हात मारले होते, बेल हाउसिंगच्या ज्या कानांवर सेल्फ बसतो तिथंसुद्धा. रंग म्हणजे इन्सुलेशन. उस्ताद तोंडातली सुपारी बाजूला सारत म्हणाले, “लग्नात नवरीला मेंदी लावतात, डोळ्यावर नाही लावत.”

तिसरा रविवार. सेल्फचे कान, बोल्टच्या जागा, इंजिन आणि बेल हाउसिंगच्या तोंडाच्या कडा, सगळं पॉलिश पेपरनं चकाकेपर्यंत घासलं. दोन अर्थ दिले. पहिला ५० चौरस मिलिमीटरची केबल, बॅटरीच्या मायनसपासून थेट सेल्फच्या माउंटिंग बोल्टला. दुसरी विणलेली पट्टी, गिअरबॉक्सपासून चेसीला, खाली दातेरी वॉशर. बोल्ट आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन. रंग मग पुन्हा मारला, पण जोडांवर नाही.

चेसी आणि इंजिन यांच्यामधे जो कुठला मार्ग गिअरबॉक्सबरोबर खाली येतो, तो उतरवण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा. मी पाईप, लिंकेज, स्पीडोमीटर केबल, सगळ्याचे काढले होते. पट्टीचा नाही, कारण ती वायर आहे असं मला वाटलंच नाही.

इंजिन सुरू होऊ नये म्हणून स्टॉप ओढून धरला (आता नवी केबल आहे) आणि पाच सेकंद सेल्फ मारून मोजलं. बॅटरीवर १०.४. बॅटरीच्या प्लसपासून सेल्फच्या ३० पर्यंत ०.३५ गेले. सेल्फच्या अंगापासून मायनसपर्यंत ०.१५. म्हणजे सेल्फला ९.९ मिळाले. प्लसच्या बाजूला अर्ध्या व्होल्टच्या आत आणि मायनसच्या बाजूला ०.२ च्या आसपास असलं की मी समाधानी. ०.३५ मधला थोडा भाग बॅटरीच्या जुन्या क्लॅम्पचा आहे, तो बदलायचाय.

स्टॉप सोडला. दुसऱ्याच फेऱ्यात चालू. अण्णा ओसरीवरून उठून आले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, “बॅक लाईट लागते का?”

नाही लागत. स्विचच्या दोन वायरींपैकी मागं जाणारी चेसीच्या आत कुठंतरी तुटलीय. प्रोपेलर शाफ्टही अजून खालीच आहे, सेंटर बेअरिंगचं रबर फाटलेलं निघालं. पुढच्या रविवारी तिथून सुरुवात.