ग्रिप फिरतेय? आधी नेमकं काय फिरतंय ते बघा

मोटरसायकलच्या हँडलची उजवी ग्रिप, म्हणजे रेस द्यायची रबरी मूठ, पिळली आणि इंजिनाचा वेग वाढला नाही, तर दोष तीन ठिकाणी असू शकतो. चिकटवून सुटतो तो त्यातला एकच. म्हणून फेविक्विकची ट्यूब फोडायच्या आधी गाडी बंद ठेवून एक तपासणी करा. ग्रिपची आतली कड आणि स्विचचा डबा यांच्या फटीत ग्रिपखालची, रेसची केबल ओढणारी प्लास्टिकची नळी जेमतेम दिसते. ग्रिप आणि नळी या दोन्हींवर मिळून पांढऱ्या मार्करने एक रेघ ओढा आणि सावकाश रेस द्या.

रेघ तुटली, म्हणजे ग्रिप नळीवर घसरतेय. हे चिकटवून बरं होतं. रेघ अखंड राहून सुरुवातीला थोडं रिकामं फिरतं, तो रेसच्या केबलचा ढिलेपणा. ग्रिपच्या कडेला मोजल्यावर तो साधारण २ ते ६ मिमी असायलाच हवा. जास्त असेल तर केबलचा ॲडजस्टर फिरवा. आणि रेघ अखंड, पण ग्रिप गरगर फिरतेय, हाताला काहीच ओढ लागत नाही, तर केबल तुटलीय किंवा नळीवरची केबल अडकवायची खाच मोडलीय. तिथे सुटा भागच बदलावा लागतो. काही गाड्यांना उजवी ग्रिप आणि नळी एकसंधच येते, ती जोडीनेच बदलायची.

डाव्या बाजूला नळी नसते, रबर थेट हँडलच्या पाइपवर बसतं. नेहमीच्या मोटरसायकलींचा हा पाइप २२ मिमीचा, तर उजवीकडची नळी बाहेरून २५च्या आसपास. त्यामुळे दोन्ही ग्रिपची भोकं वेगळी असतात. डावीकडे चुकून उजवी ग्रिप चढवली असेल तर कितीही सोल्यूशन ओता, ती फिरणारच. नवी जोडी घेताना दोन्ही तोंडं समोरासमोर धरून बघा, फरक डोळ्यांना दिसतो.

बरोबर मापाची ग्रिप सुटते ती बहुतेक पाण्यामुळे. पावसात कडेने पाणी शिरतं, आत मुरतं, क्रोमखाली गंज धरतो आणि रबर त्या बुळबुळीत थरावर सरकायला लागतं. वरून फोमचं कव्हर चढवलेलं असेल तर ते पाणी दिवसभर तिथेच राहतं. सैल ग्रिपवर कव्हर घालणं म्हणजे दुखणं झाकणं, माझ्या मते कव्हर कधीच घालू नये.

ग्रिप काढायला सगळ्यात सोपी जागा पंक्चरवाल्याकडची. हँडलच्या टोकाला वजन असेल तर आधी त्याचा स्क्रू काढून ते उतरवायचं आणि ग्रिपचं उघडं पडलेलं तोंड बोटाने दाबून धरायचं, कॉम्प्रेसरच्या गनचं टोक कडेखाली घुसवायचं आणि हवा सोडायची. ग्रिप फुगते आणि डावीकडची तर सरकन बाहेर येते. घरी करायचं तर पातळ, बोथट स्क्रू ड्रायव्हर आत सरकवून फटीत स्पिरिट सोडा आणि ग्रिप पिळत काढा. साबणाचं पाणी नको, त्याचा अंश आत राहतो आणि पहिल्याच पावसात परत फेस होतो. डब्ल्यूडी-४०ही नको, ते तेलकट असतं. ग्रिप फेकायचीच असेल तर लांबीत ब्लेड मारून मोकळे व्हा. पण उजवीकडे जपून, खाली प्लास्टिक आहे.

निम्मं काम सफाईचं आहे. पाइपवरचा गंज आणि जुना चिकट थर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, मग मेडिकलमधल्या स्पिरिटने पाइप आणि ग्रिपची आतली बाजू दोन-तीनदा पुसा, फडकं स्वच्छ निघेपर्यंत. पेट्रोलने रबर फुगतं आणि तेलकटपणा मागे राहतो. नेलपॉलिश रिमूव्हर स्विचच्या डब्याचं प्लास्टिक खातो.

चिकटवायला फेविकॉल एसआर ९९८ सारखं रबरी ॲडहेसिव्ह किंवा पंक्चरचं सोल्यूशन पुरतं. सनमायका लावताना ते दोन्ही बाजूंना लावून सुकू देतात, इथे तसं करू नका. सुकलेला थर टेकताक्षणी धरतो आणि ग्रिप अर्ध्या वाटेत अडकते. ओलं असतानाच पिळत-पिळत एका दमात शेवटपर्यंत सारायची, नक्षी सरळ करायची आणि हात काढायचा. आत कोंडलेला द्रव उडायला वेळ लागतो, म्हणून निदान २४ तास गाडी बाहेर काढायची नाही. दमट हवेत दोन दिवस थांबा.

उजवीकडे एक बारकावा आहे आणि गडबड होते ती इथेच. डावीकडे ग्रिपच्या आत लावलं तरी चालतं, जास्तीचं टोकाला जाऊन सुकतं. उजवीकडे मात्र फक्त नळीवरच लावा, ग्रिपच्या आत नाही. आत लावलेलं नळीच्या टोकाने खरवडत पुढे ढकललं जातं, नळी आणि पाइप यांच्यामध्ये शिरतं आणि रेस जाम होते. नळीवरही स्विचकडचा शेवटचा सेंटीमीटर कोरडा ठेवा. फेविक्विकला माझा विरोध याचसाठी: ते पाण्यासारखं पातळ, फटीतून थेट नळीखाली उतरतं. शिवाय सुकल्यावर कडक होतं आणि इंजिनाच्या थरथरीने तडकतं.

ग्रिपची कड स्विचच्या डब्याला टेकू देऊ नका, १-२ मिमी जागा सोडा. टोकाचं वजन परत बसवल्यावर ते नळीला घासत नाही ना, हेही बघा. मग रेस पूर्ण देऊन सोडा. ती आपोआप टचकन परत आली पाहिजे. शेवटी गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. इंजिनाचा आवाज वाढला तर केबल ताणली जातेय, तिची वाट सुधारा.

जुन्या चेतक किंवा एलएमएल स्कूटरवाल्यांनी डाव्या ग्रिपबाबत हीच काळजी घ्यावी. तिथे गिअर ग्रिप पिळूनच पडतात, ग्रिप घसरली की दुसऱ्याऐवजी न्यूट्रल लागतो.

चिखल-डोंगरात गाडी घालणारे वरून ०.७ मिमीची स्टेनलेस तार दोन ठिकाणी आवळतात. पीळ दिलेलं टोक बोटांना लागणार नाही अशा बेताने खालच्या बाजूला वळवून रबरात खुपसायचं. बांधकामाची तार वापरू नका, ती गंजते. वाटेत ग्रिप सुटली तर दोन केबल टाय कडांजवळ कचकचून ओढा आणि उरलेली टोकं कापा, घर गाठेपर्यंत निभावतं. इन्सुलेशन टेपचे वेढे मात्र आत घालू नका. उन्हात तिचा गोंद वितळतो आणि पुढच्या वेळी सफाईला दुप्पट वेळ जातो.