नोटीस मिळाली होती, तरीपण

मागच्या आठवड्यात माळ्यावरून जुनी आयडीई हार्ड डिस्क काढली, २००५ साली सुसे लिनक्स टाकलेला पीसी होता ना, त्यातली, यूएसबी अडॅप्टरला लावली आणि माउंट करायला, म्हणजे आतल्या फाइली उघडता येतील अशी जोडायला गेलो तर म्हणे 'अननोन फाइलसिस्टम टाइप रायझरएफएस'. डिस्क मस्त फिरतेय, खडखड नाही काही नाही, मग झालं काय? तर लॅपटॉपवर आता नवा कर्नल (लिनक्सचा गाभा) आहे आणि आवृत्ती ६.१३ पासून त्यातून रायझरएफएस, म्हणजे डिस्कवर फाइली ठेवायची ती जुनी पद्धत, काढूनच टाकलंय.

मला ओरडायला तोंडच नाही म्हणा. दोनेक वर्षांपूर्वी हीच डिस्क लावली होती तेव्हा डीमेसेजमध्ये (कर्नलचे मेसेज दिसतात तिथे) सरळ आलं होतं की हे २०२५ मध्ये जाणार, आणि मी काय केलं, दोन फोटो काढून घेतले आणि डिस्क परत माळ्यावर.

हा विषय २०२२ च्या सुरुवातीला कर्नल डेव्हलपर मॅथ्यू विल्कॉक्सने काढला होता. वापरणारे जवळपास नाहीत, नीट सांभाळणारं कोणी नाही, आणि बाकीच्या कर्नलमध्ये काही बदलायचं म्हटलं की ह्या जुन्या कोडलाही हात लावा, तोही ज्याची टेस्टिंग कोणी करत नाही असा. शिवाय २०३८ नंतरच्या तारखा त्याला झेपत नाहीत ते वेगळंच. मग कर्नल ५.१८ पासून माउंट केलं की वॉर्निंग, आणि डेटा हलवायला जवळजवळ तीन वर्षं.

पूर्वी नोटीस द्यायची पद्धत अशी नव्हती. कर्नलच्या डॉक्युमेंटेशन फोल्डरमध्ये फीचर-रिमूव्हल-शेड्यूल नावाची एक टेक्स्ट फाइल असायची, काय काढणार, कधी, का आणि कोण, सगळं त्यात. डेव्हएफएस ह्या कर्नलमधल्या जुन्या भागासमोर जुलै २००५ लिहिलं होतं, कोड पूर्ण गेला २००६ मध्ये, कर्नल २.६.१८ ला. किराणा दुकानातल्या 'आज रोख उद्या उधार' पाटीसारखी अवस्था, तारीख आहे पण ती उगवेलच असं नाही, आणि मुळात ती फाइल उघडून वाचणार कोण, जो वापरतोय तो तर नाहीच. २०१२ मध्ये लिनक्सचा जनक लिनसने ती फाइलच उडवली. त्याच वर्षी डिसेंबरात इंटेलच्या जुन्या ३८६ चा सपोर्टही काढला, ज्या प्रोसेसरवर त्याने स्वतः लिनक्स सुरू केलं तोच, आणि त्याचं त्याला काही वाटलंही नाही.

वॉर्निंग मशीनवरच दिसते हे त्या फाइलपेक्षा कधीही बरं, माझ्यासारख्याने ती बघून सोडून दिली तर कर्नलवाले तरी काय करणार.

शेवटी ड्रॉवरमध्ये जुन्या कर्नलचा एक लाइव्ह पेनड्राइव्ह सापडला, त्यावरून बूट केलं, डिस्क रीड-ओन्ली माउंट केली आणि आरसिंक (फाइली कॉपी करायचं टूल) लावून सगळं एक्सट४ ह्या दुसऱ्या फाइलसिस्टमवर घेतलं. रात्री दीडपर्यंत चाललं होतं. पेनड्राइव्हवर आता चिठ्ठी चिकटवलीये, 'फॉरमॅट करू नये'. माळ्यावर तशीच अजून एक डिस्क आहे, ती बघू पुढच्या रविवारी.