फॉइलवर बसून उडी मारायची तर आधी खाली यायला शिका

बसून चालवायचं हायड्रोफॉइल म्हटलं की पुण्यात पहिला प्रश्न येतो, खुर्ची? तर हो, खुर्चीच. छोटा बोर्ड, त्यावर सीट, मांड्यांवरून पट्टा, पाय अडकवायला स्ट्रॅप, आणि खाली जवळजवळ मीटरभराचा धातूचा दांडा. दांड्याच्या तळाला पुढे मोठा पंख, मागे छोटा. बोटीने ओढायला सुरुवात केली की तो पंख तुम्हाला उचलतो आणि बोर्ड पाण्यापासून सुटून वर चालायला लागतो. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट, म्हणून एवढासा पंख अख्खा माणूस पेलतो. अमेरिकेत माइक मर्फी आणि बॉब वूली यांनी हा प्रकार घडवला, १९९० च्या सुमारास 'एअर चेअर' नावाने तो विकायला आला. आमच्या घरी आला तो चुलत दादामुळे, त्याने येताना सगळं सुटं करून सामानातून आणलं.

आम्ही पानशेतच्या बाजूला जातो, अंधारातच पुण्यातून निघायचं, खडकवासला मागे टाकायचं आणि वारा सुटायच्या आत पाण्यात उतरायचं. फॉइल, म्हणजे दांडा आणि पंख, स्वतः लाटांच्या खालून जातं त्यामुळे खडबडीत पाणी एरवी फारसं जाणवत नाही, पण ट्रिक शिकताना बोर्ड मुद्दाम पाण्याला टेकवावा लागतो आणि तिथे सपाट पाणी असलं की खूप सोपं जातं.

मला मनापासून सांगायचंय ते हे, की उडीचा जीव उंचीच्या कंट्रोलमध्ये आहे. पुढे झुकलं की खाली, मागे झुकलं की वर, आणि हे झुकणं म्हणजे अक्षरशः बोटभर. जास्त मागे गेलात की पंख पाण्याच्या पृष्ठभागाशी येतो, हवा खेचतो, वर उचलणारा जोर एका क्षणात जातो आणि तुम्ही धाडकन खाली. म्हणून नुसतं सरळ जाताना बोर्ड हळूच टेकवायचा, परत उचलायचा, परत टेकवायचा, हे कंटाळा येईपर्यंत करा. बरेच जण हे सोडून थेट बोटीच्या लाटेवर उडी मारायला जातात, मला ते अजिबात पटत नाही.

उडीत काय होतं बघा. बोर्ड पाण्याला जवळजवळ टेकलेला, बोटीच्या दोराचं हँडल गुडघ्यांपाशी, हात सरळ, नजर बोटीवर. मग खांदे एकदम मागे, फॉइल वर झेपावतं आणि पंख पाण्याबाहेर निघतो तेव्हा दांड्यावरचा सगळा ताण सुटतो, खालचा गुणगुण आवाज अचानक बंद होतो. त्या वेळी हात छातीकडे ओढावेसे वाटतात, तसं केलं की तुम्ही मागे कलंडलात. दादा बोटीतून एवढंच ओरडतो, "अरे हात खाली, खाली ठेव!" उतरताना पंख पाण्यात शिरायच्या आत थोडं पुढे यायचं, नाहीतर पंख तुम्हाला लगेच पुन्हा वर फेकतो आणि ती दुसरी उडी तुमच्या हातात नसते. बरोबर जमलं तर लँडिंग इतकं मऊ असतं, गादीवर बसल्यासारखं, बोर्ड पाण्यावर आपटतच नाही.

आता पुढचं म्हणजे रोल, हवेत उलटं होऊन पूर्ण फिरायचं. त्यात डोकं आधी वळतं, मग खांदे, फॉइल त्यांच्या मागून येतं आणि हँडल कमरेपाशी घट्ट. दादाचं म्हणणं, लाटेच्या दोन्ही बाजूंनी साध्या उड्या स्वच्छ उतरल्याशिवाय रोल नाही, आणि मला ते शंभर टक्के मान्य आहे, कारण उलटं पडताना तो धातू तुमच्याच जवळ असतो. हेल्मेट आणि जाड व्हेस्ट याला पर्याय नाही.

आणि खोलीकडे लक्ष द्या. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरतं, खडक आणि जुने बुंधे वर यायला लागतात, साध्या वॉटर स्कीला चालेल तिथे मीटरभर दांडा अडकू शकतो. म्हणून पाणी भरपूर आहे तोवरच मला रोलपर्यंत पोचायचंय, या शनिवारी परत जातोय.