बेबिंकेत अंडं असतं, हे आधीच लिहा

घरून काजू, बेबिंका (गोव्याची थराथरांची मिठाई), दोदोल, कोकमाचं आगळ (घट्ट रस) किंवा मे महिन्यात गोव्याचा मानकुराद आंबा विकणारं एखादं इन्स्टाग्राम खातं उघडून त्याच्या कमेंट वाचून बघा. माल सडका निघाला अशी ओरड क्वचित असते. 'मला वाटलं होतं तसं आलं नाही' ही मात्र वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येते. ही दुसरी तक्रार स्वयंपाकघरात तयार होत नाही, ऑर्डर घेताना जे लिहिलं किंवा लिहायचं राहिलं तिथे तयार होते. म्हणून गिऱ्हाईक चिडल्यावर काय बोलायचं यापेक्षा ऑर्डर घेताना काय लिहायचं, याबद्दल इथे जास्त.

बेबिंकेचंच घ्या. रीलमध्ये दिसतात ते थर आणि तुपाची चकाकी. अंड्याचा बलक दिसत नाही. गोव्यात हे कोणाला सांगावं लागत नाही, पण पुण्या-नाशिकच्या किंवा अहमदाबादच्या शाकाहारी घरात डबा उघडून, अर्धा तुकडा खाऊन झाल्यावर कुणीतरी विचारतं, 'यात काय काय आहे?' तिथून येणाऱ्या मेसेजला उत्तर नसतं. पैसे परत केले तरी राग जात नाही, कारण नुकसान पैशाचं नव्हतंच. खाद्यपदार्थांच्या लेबलच्या नियमांत अंडं असलेला पदार्थ मांसाहारीच धरतात, तेव्हा डब्यावर ते चिन्ह लागतंच. पण डबा पोचतो शेवटी. व्हॉट्सॲप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये, वस्तूच्या वर्णनाच्या पहिल्याच ओळीत लिहा: 'अंडं आहे.' खाली एक ओळ अशीही टाकता येते की दोदोलात अंडं नसतं, तांदळाचं पीठ, गूळ आणि नारळाचा रस असतो. गिऱ्हाईक जात नाही, दुसरी वस्तू घेतं.

काजूगराचं दुखणं वेगळं. 'गेल्या खेपेला मोठे होते, या खेपेला बारीक पाठवले' हे वाक्य काजू विकणाऱ्याने ऐकलं नाही असं होत नाही. आता डब्ल्यू २४० म्हणजे एका पौंडात साधारण २२० ते २४० गर, डब्ल्यू ३२० म्हणजे ३०० ते ३२०. आकडा जितका लहान तितका गर मोठा. व्यापारी हे जाणतो, विकत घेणाऱ्याला ते कोणी सांगितलेलंच नसतं. त्याला 'एक किलो चांगले काजू' एवढंच हवं असतं. तुमच्याकडे त्या आठवड्यात २४० संपले म्हणून ३२० गेले आणि भाव कमी लावला असला तरी न विचारता बदल केला की ती फसवणूकच वाटते. ग्रेड बिलावर नको, आधी चॅटमध्ये हवी. फोटोही एकेकट्या काजूचा नको. दोन ग्रेड शेजारी, मध्ये दहाचं नाणं, असा एक फोटो कॅटलॉगमध्ये असला की पुढचं बरंच बोलणं वाचतं.

मानकुराद डझनावर विकला जातो आणि बाहेरचं गिऱ्हाईक किलोत विचार करतं. दोन्ही लिहा: डझनाचा भाव, आणि एका फळाचं अंदाजे वजन किती ते किती. पिकलेला पाठवता की दोन दिवसांत पिकणारा, हेही लिहा. घट्ट फळ आलं तर 'कच्चे आंबे पाठवले' म्हणतात, पिकलेलं पाठवलं तर कुरिअरच्या उन्हात त्याचा रस होतो. आमच्या मते जरा घट्टच पाठवावं आणि पेटीत चिठ्ठी टाकावी: गवतात ठेवा, फ्रिजमध्ये ठेवू नका, वास सुटला की कापा.

फेणीचा फोटो मात्र कॅटलॉगमध्ये टाकू नका. व्हॉट्सॲपच्या व्यापारी धोरणात दारूविक्रीला परवानगी नाही, आणि एका बाटलीपायी सगळं खातं बंद होण्याची जोखीम कोणी घेऊ नये.

आता मुख्य गोष्ट, ऑर्डर पक्की करण्याचा मेसेज. हा दर वेळी नव्याने टाइप करू नका. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये क्विक रिप्लाय साठवता येतात, पन्नासपर्यंत. त्यातल्या एकाला '/ऑर्डर' असं छोटं नाव द्या, चॅटमध्ये तेवढं टाइप केलं की सगळा मजकूर समोर येतो, मग फक्त आकडे भरायचे. मजकूर साधारण असा:

'तुमची ऑर्डर: काजूगर डब्ल्यू २४०, सालीसकट भाजलेले, १ किलो. बेबिंका (अंडं आहे), अर्धा किलो. मालाचे रुपये इतके, कुरिअरचे रुपये इतके, एकूण इतके. पत्ता: तुम्ही दिलेला खाली जसाच्या तसा लिहिला आहे. माल इथून मंगळवारी निघेल. पार्सल फुटलेलं किंवा गळलेलं आलं तर त्याच दिवशी पेटीवरच्या लेबलचा आणि आतल्या वस्तूचा फोटो पाठवा. सगळं बरोबर असेल तर "हो" लिहा.'

यातला 'हो' महत्त्वाचा. तो आल्याशिवाय पैसे घेऊ नका. 'माल निघेल' आणि 'माल पोचेल' यातला फरकही इथेच पाळायचा असतो. निघणं तुमच्या हातात आहे, पोचणं कुरिअरच्या. पोचण्याची तारीख तुम्ही दिलीत की उशिराचं खापर तुमच्याच डोक्यावर फुटतं. कुरिअरचा खर्च वेगळा दाखवण्याचं कारण असं की हलक्या पण मोठ्या पेटीला कंपन्या वजन नव्हे, आकार लावतात: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००, ही सर्रास वापरली जाणारी रीत. चाळीस बाय तीस बाय वीसची पेटी आत कितीही हलका माल असो, ४.८ किलोची धरली जाते. 'अर्ध्या किलोला एवढं कुरिअर?' या प्रश्नाचं उत्तर बहुधा पेटीच्या आकारात असतं. लहान पेटी घेतलीत तर प्रश्नच येत नाही.

ऑर्डर व्हॉइस मेसेजवर आली तर ऐकून ती लिहून काढा आणि वरच्याच साच्यात परत पाठवा. आपल्याकडे लोक मराठीत, कोकणीत, हिंदीत बोलतात, आकडे भलत्याच भाषेत सांगतात, आणि 'दीड' कधी 'अडीच' ऐकू येतं. उत्तर द्यायचं ते समोरच्याच्या भाषेत आणि लिपीत. रोमी लिपीतल्या कोकणीला शुद्ध पुस्तकी मराठीत उत्तर गेलं की ते नको तेवढं थंड वाटतं.

एक सेटिंग लोक बघतच नाहीत. चॅटमध्ये आपोआप नाहीसे होणारे मेसेज समोरच्याने चालू ठेवले असतील तर २४ तासांत, ७ दिवसांत किंवा ९० दिवसांत ते सगळं, तो 'हो'सुद्धा, पुसला जातो. ऑर्डर घेण्यापूर्वी चॅटच्या माहितीत जाऊन बघा आणि ते बंद करा, नाहीतर पक्क्या ऑर्डरचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. पाठवलेला मेसेज फक्त पंधरा मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो, त्यामुळे भाव चुकला तर लगेच सुधारा. नंतर लक्षात आलं तर जुना मेसेज पुसू नका. खाली नवा लिहा. पुसलेल्या मेसेजची खूण राहते आणि तिच्याकडे संशयानेच बघितलं जातं.

व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये चॅटला लावायची लेबलं असतात, ती वापरा. नवी ऑर्डर, पैसे बाकी, पैसे मिळाले, ऑर्डर पूर्ण, ही तयारच असतात. 'तक्रार चालू' असं एक स्वतःचं जोडा आणि रोज सकाळी आधी तेच उघडा. सकाळी भाऊ आणि संध्याकाळी वहिनी फोन बघत असतील तर हे फारच गरजेचं. एकाने 'बदलून देतो' म्हटलं आणि दुसऱ्याने 'आमची चूक नाही' म्हटलं, याहून वाईट उत्तर नाही. मुख्य फोनशिवाय आणखी चार उपकरणं जोडता येतात, त्यामुळे फोन हातोहात फिरवायची गरज नसते. सोबत घरात एक आकडा ठरवून टाका: इतक्या रुपयांपर्यंतची भरपाई फोनवर असलेल्याने कोणाला न विचारता द्यावी. उत्तराला उशीर होतो तो बहुतेक वेळा या परवानगीसाठी.

एवढं करूनही तक्रार येतेच. इन्स्टाग्रामवर कमेंट आली, 'बाटली गळली, सगळी पेटी लाल, कोणी उत्तर देत नाही.' ती पुसायची नाही. पुसलेल्या कमेंटचा स्क्रीनशॉट स्टोरीत फिरतो. आणि 'कोणी उत्तर देत नाही' हे खरं असण्याची शक्यता असते: अनोळखी लोकांचे मेसेज इनबॉक्सात न येता रिक्वेस्टमध्ये पडून राहतात. आधी तिथे बघा. मग कमेंटखाली एकदाच, नाव घेऊन, नेमकं लिहा: 'आगळाची बाटली गळली याबद्दल माफ करा. तुमचा मेसेज रिक्वेस्टमध्ये होता, आत्ता बघितला, तिथेच लिहिते आहे.' बस. कारणमीमांसा, कुरिअरवर ढकलणं, 'आमचे बाकी सगळे ग्राहक खूश आहेत' हे काहीही नको. ते वाचणारे तक्रार करणाऱ्यापेक्षा तुमच्याकडे जास्त बघत असतात.

उघड्यावर फोन नंबर किंवा पत्ता मागू नका, आणि गिऱ्हाइकाने तो कमेंटमध्ये टाकला असेल तर काढायला सांगा. तक्रारीच्या कमेंटवर टपून बसलेले ठग असतात. तुमच्यासारखंच नाव आणि तुमचाच फोटो लावून ते त्या माणसाला 'रिफंड देतो' म्हणून मेसेज करतात. म्हणून प्रोफाइलवर हायलाइटमध्ये कायमचं एक पान ठेवा: आमचा नंबर हाच, रिफंडसाठी आम्ही ओटीपी किंवा पिन मागत नाही, पैसे मिळवायला पिन टाकावा लागत नाही. कोणी फसलंच तर १९३० वर लगेच फोन करायला सांगा.

खाजगीत गेल्यावर विचारायचं ते एकाच मेसेजमध्ये: ऑर्डर कोणत्या नावाने होती, लेबलचा फोटो, वस्तूचा फोटो, आणि 'तुम्हाला बदली हवी की पैसे?' चार वेळा चार प्रश्न विचारले की माणूस दर वेळी नव्याने चिडतो. पेटी उघडतानाचा व्हिडिओ नसेल तर तक्रार ऐकणार नाही, अशी अट काहीजण घालतात. ती आम्हाला पटत नाही. हजारात एखादा लबाड सापडेल, पण प्रामाणिक गिऱ्हाईक त्या एका वाक्याने दुरावतं. गळलेल्या बाटलीचा फोटो पुरे.

आणि गळण्याचं कारण शोधा, नाहीतर हीच कमेंट पुढच्या महिन्यात परत येईल. प्लॅस्टिकचं झाकण नुसतं घट्ट पिळून चालत नाही, पेटी आडवी-उलटी होते, ऊन लागलं की झाकण सैल पडतं. झाकणाखाली चिकटणारं सील, बाहेरून टेप, आणि प्रत्येक बाटली स्वतंत्र पिशवीत, म्हणजे एक गळली तरी काजू वाचतात. पावसात काजू नरम पडल्याची तक्रार आली तर ती जवळजवळ नेहमीच हवेतल्या ओलाव्याची असते. पाकीट सील झालंय का ते दाबून बघा आणि पाकिटावर लिहा: उघडल्यावर घट्ट झाकणाच्या बरणीत.

पैशाच्या तक्रारी वेगळ्या हाताळाव्या लागतात. 'पैसे कापले, तुम्हाला आले नाहीत' असं कोणी म्हटलं तर स्क्रीनशॉटवर विश्वास नको आणि अविश्वासही दाखवू नका, बनावट स्क्रीनशॉट काढून देणारी ॲप आहेत. त्या व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर नंबर मागा आणि स्वतःच्या बँकेच्या स्टेटमेंटमध्ये बघा. खरंच अडकले असतील तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार यूपीआयने एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवलेले पैसे दुसऱ्या दिवसापर्यंत आणि दुकानदाराला दिलेले पाच दिवसांपर्यंत आपोआप परत जायला हवेत, नंतर बँकेला दिवसाला शंभर रुपये द्यावे लागतात. हे गिऱ्हाइकाला शांतपणे सांगितलं की तो निम्मा निवळतो. तुम्ही रिफंड केलात तर तुमच्याकडचा यूटीआर लगेच पाठवा. 'टाकले आहेत, बघा' एवढं पुरत नाही.

कायद्याचं थोडक्यात. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांत तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात, अशी मुदत आहे. गिऱ्हाईक १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर जाऊ शकतं. 'विकलेला माल परत घेतला जात नाही' ही पाटी सदोष मालाला ढाल म्हणून चालेल, या भ्रमात राहू नका. खाण्याचा माल असेल तर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी परवाना किंवा नोंदणी नंबर पाकिटावर हवा, प्रोफाइलवरही टाकलात तर उत्तम.

खोल्या भाड्याने देणाऱ्यांचं बरंचसं गुगलच्या रिव्ह्यूवर चालतं. तिथे खोटा रिव्ह्यू आला की लोक रिपोर्ट करतात आणि काही होत नाही म्हणून वैतागतात. कोण खरं बोलतंय याचा निवाडा गुगल करत नाही. जाहिरात, शिवीगाळ, भलत्याच जागेबद्दलचा मजकूर, स्पर्धकाने लिहिलेलं, असं धोरणात बसत असेल तरच काढतं. बाकीच्याला उत्तर देणं हाच मार्ग. 'रात्रभर वीज नव्हती' असं जुलैत आलेल्याने लिहिलं तर पावसाळ्यात वीज जाते म्हणून वाद घालू नका. इन्व्हर्टरवर काय चालतं आणि काय नाही (पंखा हो, एसी नाही) ते उत्तरात लिहा आणि बुकिंगच्या मेसेजमध्येही टाका. रिव्ह्यू बदलायच्या बदल्यात सवलत देऊ नका, ते गुगलच्या नियमांविरुद्ध आहे.

राहिली चवथ. घरी गणपती असतो, दीड दिवस किंवा पाच, फोनकडे कोणी बघत नाही, आणि नेमकं तेव्हाच मुंबईहून ऑर्डरी येतात. अवे मेसेज, म्हणजे तुम्ही नसताना आपोआप जाणारं उत्तर, तारखांसकट लावा: 'अमुक तारखेपर्यंत घरी गणपती आहे, उत्तर अमुक तारखेला सकाळी १० पर्यंत. माल त्यानंतर निघेल.' 'लवकरच संपर्क करू' याने कोणाचं समाधान होत नाही. चवथीआधी पोचवायच्या मालाची शेवटची तारीख पंधरा दिवस आधीच स्टेटसला टाका. ब्रॉडकास्टवर, म्हणजे एकच मेसेज अनेकांना एकदम पाठवण्यावर, भरवसा ठेवू नका: एका यादीत २५६ लोक मावतात आणि ज्यांनी तुमचा नंबर फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच मेसेज पोचतो. म्हणून पहिल्या पार्सलच्या चिठ्ठीतच लिहा, 'आमचा नंबर सेव्ह करा.' नाताळासाठीही हेच, फक्त तेव्हा बेबिंकेच्या ऑर्डरी जास्त असतात आणि एकेक थर भाजून व्हायला वेळ लागतो, त्यामुळे दिवसाला किती होतात ते मोजून तेवढ्याच घ्या. आकडा भरला की कॅटलॉगमधली ती वस्तू लपवा. ती नंतर परत दाखवता येते.